मसाज शिकवणारी व्हायचं असेल तर

माझ्या पहिल्या बॅचचा दुसराच दिवस होता. दोडामार्गाहून रोज बसने म्हापशाला येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "ताई, एवढं म्हणजे किती जोरात?" मी तिच्या पाठीवर तळवा टेकवला, सरकवला आणि म्हटलं, "हे बघ, एवढं." ती म्हणाली, "हो, पण म्हणजे किती?"

तेव्हा कांदोळी-कळंगुटच्या हॉटेलांत मसाजच्या टेबलाशी उभं राहून मला 11 वर्षं झाली होती. नाव घेऊन मला मागणारे पाहुणे दरवर्षी परत येत. आणि या मुलीच्या प्रश्नाला मला उत्तर देता येईना. हाताला ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं.

मसाज शिकवण्याचं काम करायचं म्हणून माझ्याकडे विचारायला येणाऱ्या प्रत्येकीला मी हा किस्सा सांगते. हात चांगला असणं ही पहिली अट आहे, पण तेवढ्यावर कुणी शिक्षक होत नाही. हात जे करतो ते सुटं करून, सावकाश, शब्दांत दुसऱ्याला देता आलं पाहिजे.

त्या संध्याकाळी मी घरातला वजनकाटा, आपण उभं राहून वजन बघतो तो, टेबलावर ठेवला आणि त्यावर हात दाबून बघितला. तेल पसरवण्याचा माझा हलका तळवा काट्यावर 2 किलोच्या आसपास होता. पाठ मोकळी करताना कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवून अंगाचा भार दिला की तो 10 किलोच्या पुढे जात होता. अंगठा एकटा 4 किलोवर गेला की दुखायला लागत होता. दुसऱ्या दिवशी काटा वर्गात नेला. प्रत्येकीने डोळे मिटून "तीन किलो" दाबायचं, मग डोळे उघडून बघायचं. पहिल्या दिवशी कुणाचे तीन म्हणजे एक, कुणाचे सात. आठवड्याभरात सगळ्यांचे हात अर्ध्या किलोच्या फरकाने बरोबर यायला लागले. माणसाच्या पाठीला किलोचा नियम लावता येत नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. एकाला 5 किलो पुरतात, दुसऱ्याला ते गुदगुल्यांसारखे वाटतात. पण आपला हात आपल्या ताब्यात आहे की नाही, हे काटा स्वच्छ दाखवतो.

आधी किती वर्षं काम करावं

कोर्स संपवून लगेच शिकवायला उभं राहू नका. निदान चार-पाच सीझन टेबलावर काढा, आणि एकाच जागी काढू नका. गोव्यात यासाठी देवाने दिलेली सोय आहे. ऑक्टोबर ते मार्च समुद्रकिनाऱ्यावर लांबच्या विमानप्रवासाने आखडलेले परदेशी पाहुणे येतात. वीकएंडला पुण्या-मुंबईचे, खुर्चीत बसून मान धरलेले लोक येतात. पावसाळ्यात आपलीच माणसं येतात: दिवसभर उभा राहणारा आचारी, पर्यटकांना फिरवणारा टॅक्सीवाला, होडीवर जाळी ओढणारा. प्रत्येकाचं शरीर वेगळ्या जागी कडक होतं. मी एक जाडी वही ठेवली होती. नाव न लिहिता फक्त काम, वय, कुठे दुखत होतं, काय केलं, पुढच्या वेळी काय सांगितलं. आज वर्गात उदाहरण द्यायचं तर ते त्या वहीतून येतं.

आपले शब्द

माझी आजी पेडण्याच्या बाजूला गावात बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायला जायची. खोबरेल कोमट करायची, बाळाला पायांवर घ्यायची, आणि बाळंतिणीची कंबर चोळताना तिच्याशी अखंड बोलत राहायची. तिला शरीरशास्त्रातलं एकही नाव माहीत नव्हतं. पण चोळणं, रगडणं, मळणं, चेपणं, दाबणं, थोपटणं हे तिच्यासाठी सहा वेगळे हात, म्हणजे हात चालवण्याच्या सहा वेगळ्या तऱ्हा होत्या. पाय चेपणं आणि पाय दाबणं एक नव्हे, हे ती मला दटावून सांगायची. चेपताना पोटरी मुठीत येते आणि सुटते. दाबताना हात एका जागी थांबतो.

शिकवायला लागल्यावर मला आजीचे हे शब्द फार उपयोगी पडले. हॉटेलांत सगळ्यात जास्त मागणी स्वीडिश मसाजला असते, आणि त्याच्या हातांची नावं फ्रेंच: इफ्लुराज, पेट्रिसाज, फ्रिक्शन, टॅपोटमां, व्हायब्रेशन. मुली विचारतात, स्वीडिश म्हणायचं आणि नावं फ्रेंच का? स्वीडिश नाव पेर हेन्रिक लिंग यांच्यामुळे पडलं. त्यांनी 1813 मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची संस्था काढली. ही फ्रेंच नावं रुळवण्याचं श्रेय मात्र योहान मेझगर या डच डॉक्टरांना देतात. हे एकदा सांगून टाकलं की नावांची भीती जाते. मग मी फळ्यावर पेट्रिसाजच्या पुढे 'मळणं' लिहिते, टॅपोटमांच्या पुढे 'थोपटणं'. मुलाखतीत फ्रेंच नाव सांगता आलंच पाहिजे, पण हाताला शिकवताना मराठी-कोंकणी क्रियापद लवकर पोचतं. कणीक मळलेल्या मुलीला पेट्रिसाज अर्ध्या तासात येतो. तळवा कसा वळतो, पीठ कुठे धरायचं आणि कुठे सोडायचं, हे तिला आधीपासून ठाऊक असतं.

तुम्ही शिकवणार असाल तर तुमच्या प्रत्येक हाताला असा एक घरचा शब्द शोधून ठेवा. माझ्या वर्गात वाळपईच्या मुली असतात, सावंतवाडीच्या असतात, मिझोराम-मणिपूरहून आलेल्याही असतात. त्यांना मी त्यांच्या भाषेतला शब्द विचारते आणि तोही फळ्यावर लिहिते.

स्नायूंची नावं मात्र मूळचीच शिकवा. मान-खांद्यावरच्या ट्रॅपिझियस या स्नायूला ट्रॅपिझियसच म्हणायचं, कारण उद्या डॉक्टरची चिठ्ठी वाचायची वेळ येईल. चार्टपेक्षा काजळाची पेन्सिल कामाची. एकमेकींच्या पाठीवर खांद्याच्या फऱ्याची कड काढायची, कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू काढायचे, मग बोटांनी चाचपून रेघ बरोबर आहे का बघायचं. संध्याकाळी पुसताना थोडं काजळ राहतं, पण नकाशा डोक्यात पक्का बसतो.

कागदपत्रं

हातात कला असली तरी कागद लागतो, विशेषतः संस्थेत शिकवायचं असेल तर. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलची स्पा थेरपिस्टची पात्रता आहे. वर्षानुवर्षं काम करूनही प्रमाणपत्र नसेल तर आधीच्या कौशल्याला मान्यता देणारी आरपीएल ही वाट आहे. त्यानंतर ट्रेनिंग ऑफ ट्रेनर्स, म्हणजे शिकवणाऱ्याचं प्रशिक्षण करा. त्यात तुम्हाला मसाज शिकवत नाहीत. धडा कसा आखायचा, मोठ्या माणसांना कसं शिकवायचं, काय तपासायचं हे शिकवतात. मी ते जरा उशिरा केलं आणि आधी का केलं नाही असं वाटलं. तुम्ही शिकवलेल्या मुलींची परीक्षा दुसरा परीक्षक घेतो, तेव्हा 'माझी पद्धत' म्हणून काहीही शिकवून चालत नाही.

अभ्यंग (आयुर्वेदातलं अंगाला तेल लावणं), शिरोधारा (कपाळावर तेलाची धार सोडणं) शिकवायची असेल तर वैद्यांकडे जा. यूट्यूबवर बघून शिरोधारा शिकवू नका. शिरोड्याला गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि डिसेंबर 2022 पासून धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थाही आहे. मी दर बॅचला एका वैद्यांना आणि एका फिजिओथेरपिस्टना दोन-दोन तासांसाठी बोलावते, मानधन देऊन. त्यांच्यासमोर मुलींना आपली हद्दही कळते. फिजिओथेरपी ही चार वर्षांहून जास्त शिक्षणाची वेगळी पदवी आहे, आयुर्वेदाचीही तशीच. आपण इलाज करत नाही. आपण शरीर सैल करतो, आराम देतो, आणि गरज असेल तिथे डॉक्टरकडे पाठवतो. 'आमच्या तेलाने मधुमेह, पक्षाघात बरा होतो' अशी पाटी लावणं हा 1954 च्या जाहिरातविषयक कायद्याखाली गुन्हा आहे, हे मी पहिल्याच आठवड्यात सांगते.

पहिला आठवडा: कुठे हात लावायचा नाही

बहुतेक ठिकाणी पहिला आठवडा छान छान हात दाखवण्यात जातो. माझा आग्रह आहे की तो 'नको' शिकवण्यात जावा.

मानेची पुढची बाजू, काख, कोपराच्या आतली खळगी, जांघ, गुडघ्याची मागची बाजू: इथे रक्तवाहिन्या आणि नसा वरच असतात, तिथे खोल दाब नाही. कण्याच्या हाडावर दाब नाही. ताप, त्वचेचा संसर्ग, ताजी जखम, किनाऱ्यावर पडून भाजलेली लाल पाठ असेल तर त्या दिवशी मसाज नाही. दारू पिऊन आलेल्याला नाही. गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरचा होकार. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोल दाब टाळायचा. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या माणसाच्या "हो, चालेल, अजून जोरात" या शब्दांवर विसंबायचं नाही, कारण त्याला नीट कळतच नसतं.

आणि गोव्यात सगळ्यात महत्त्वाचं: नऊ-दहा तासांच्या विमानातून उतरलेला पाहुणा, एकच पोटरी सुजलेली, गरम, लाल, दुखरी. "इथेच चोळ गं" असं तो सांगतो. तिथे हात लावायचा नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळून ती सुटली आणि फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. मॅनेजरला सांगायचं आणि डॉक्टरकडे पाठवायचं. हा प्रसंग मी मुलींकडून पाच-पाच वेळा नाटकासारखा करून घेते. एक पाहुणा होते, एक थेरपिस्ट, एक "पाहुण्याला नाही कसं म्हणतेस?" म्हणून ओरडणारी मॅनेजर. नाही म्हणायची सवय तोंडाला आधी लागावी लागते.

दुपारी पोटभर शीतकढी-हुमण जेवून तासाभरात टेबलावर आलेल्यांनाही मी थांबवते. अजीर्ण असताना अभ्यंग करू नये, हे आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनीही सांगून ठेवलंय.

टॉवेलचीही एक गोष्ट इथेच सांगते. एका हॉटेलात भर पावसात तेलकट टॉवेल ड्रायरमधून गरमच काढून घड्या घालून कपाटात रचले होते. तासाभराने जळका वास यायला लागला. मधल्या घड्या काळ्या पडल्या होत्या. कपड्यात राहिलेलं तेल गरम ढिगात स्वतःहून तापत जातं आणि पेटू शकतं. वेळेवर कळलं म्हणून निभावलं. तेव्हापासून टॉवेल गरम पाण्यात, तेल सुटेपर्यंत धुणं आणि पूर्ण थंड झाल्यावरच घडी घालणं हा माझ्या अभ्यासक्रमातला धडा आहे, आणि त्याला गुण आहेत.

शिकवायचं कसं

एक हात दाखवायला मी चार फेऱ्या घेते. पहिली गप्प राहून, पूर्ण वेगाने. दुसरी सावकाश, प्रत्येक गोष्ट बोलून: पाय कुठे, वजन कुठे, श्वास कधी. तिसऱ्या फेरीत मुलीचे हात माझ्या हातांवर. चौथ्या फेरीत मी टेबलावर झोपते आणि ती माझ्यावर करते.

ही चौथी फेरी कधीही सोडू नका. बाजूला उभं राहून बघताना हात सुंदर दिसतो. झोपल्यावर कळतं की बोटांची टोकं टोचताहेत, हात उचलताना दचकायला होतंय, किंवा मुलगी घाबरून श्वास धरून बसलीय. आठ मुली म्हणजे आठ वेळा झोपायचं. वेळ जातो, जाऊ द्या.

टेबलाची उंची पहिल्यांदा ठरवायची. सरळ उभं राहून हात खाली सोडले की बोटांचे सांधे टेबलाला टेकले पाहिजेत. एक पाय पुढे, एक मागे, दाब खांद्यातून नव्हे तर मागच्या टाचेतून यायला हवा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. नवव्या सीझनला माझा उजवा अंगठा सकाळी बाटलीचं झाकणही उघडेना. डॉक्टरांनी दोन महिने सक्तीची विश्रांती दिली, आणि ते दोन महिने ऐन डिसेंबरचे होते, पगाराशिवाय. म्हणून अंगठ्याने दाबणारी मुलगी दिसली की मी वर्ग थांबवते आणि कोपर, मूठ, तळव्याची टाच वापरायला लावते. तिची पुढची वीस वर्षं त्या अंगठ्यावर आहेत.

चादर, मर्यादा आणि घरची माणसं

मी शिकवायचं ठरवलं तेव्हा शेजारच्या काकी आईला म्हणाल्या, "हें काम बरें न्हय गो." त्यांचा राग मला आला नाही. स्पाच्या नावाखाली काय काय चालतं हे वर्तमानपत्रात सगळेच वाचतात. म्हणून हा विषय झाकून न ठेवता वर्गात उघड बोला.

चादर कशी धरायची, एका वेळी फक्त एकच भाग कसा उघडायचा, पालथं होताना नजर कुठे ठेवायची याला माझे पूर्ण तीन दिवस जातात. प्रत्येक वेळी विचारायचं: इथे हात लावू का, प्रेशर बरं आहे का. सरावातही तेच. आज एखादीला टेबलावर झोपायचं नसेल तर कारण विचारायचं नाही. पाहुण्याने नको ते मागितलं तर एकच वाक्य, "सेशन इथेच संपलं," आणि खोलीबाहेर. पैसे, टीप, रेटिंग, सगळं नंतर. दहा किंवा जास्त लोक काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि लहान जागी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे मुलींना पाठ असलं पाहिजे. नोकरीला मुलगी पाठवण्याआधी मी स्वतः ती जागा बघून येते. दाराला बाहेरून कडी, पगाराची चिठ्ठी नाही, राहायच्या खोलीचा पत्ता सांगत नाहीत, असं काही दिसलं तर तिथे माझी मुलगी जात नाही, कितीही पगार असो.

बॅचच्या शेवटच्या शनिवारी मी पालकांना बोलावते. आयांची मान आणि खांदे त्यांच्याच मुली मोकळे करून देतात, कपडे न काढता, खुर्चीवर बसवून. पुढच्या वर्षीच्या निम्म्या मुली त्या शनिवारच्या बोलण्यातून येतात.

पैसे आणि वेळापत्रक

गोव्यात शिकवण्याचं वर्ष सीझनच्या उलटं चालतं. माझी मोठी बॅच जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते: 10 आठवडे, आठवड्याचे 5 दिवस, रोज 4 तास. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आठ दिवस सुट्टी द्यावीच लागते, ती धरूनच आखा. ऑक्टोबर उजाडायच्या आत मुली कामाला लागल्या पाहिजेत, कारण हॉटेलं सप्टेंबरमध्येच माणसं घेतात. सीझनमध्ये मी हॉटेलांत जाऊन तिथल्या थेरपिस्टना दोन-तीन दिवसांचं शिक्षण देते. मोपाचा विमानतळ झाल्यापासून मोरजी, मांद्रे, हरमलच्या बाजूने बोलावणी वाढलीत.

माझा हिशोब उघड सांगते. 8 मुली, प्रत्येकी 18 हजार, म्हणजे 1 लाख 44 हजार. हॉलचं भाडं 30 हजार, तेल-धुलाई-चादरी 15 हजार, पाहुण्या शिक्षकांचं मानधन 12 हजार. उरतात 87 हजार, तेही तीन महिन्यांच्या मेहनतीचे. पहिल्या बॅचला पाचच मुली आल्या होत्या आणि हातात जेमतेम 35 हजार राहिले. दोन मुलींमागे एक टेबल पुरतं. घडीची टेबलं दोनच विकत घ्या, बाकीची पहिल्या वर्षी भाड्याने किंवा ओळखीच्या स्पाकडून पावसाळ्यापुरती मागून आणा. तेव्हा ती तिथे रिकामीच असतात. उद्यम, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी फुकट होते, ती करून टाका. पंचायत किंवा नगरपालिका आणि आरोग्य खात्यात स्वतः जाऊन काय काय परवाने लागतात ते लेखी घ्या, एजंटावर सोडू नका.

स्वतःचा वर्ग नको असेल तर मोठ्या हॉटेलात ट्रेनरची जागा बघा. पगार ठरलेला, पीएफ मिळतो. तिथे मुलाखतीत 20 मिनिटांचा डेमो मागतात. बहुतेक उमेदवार त्या वेळात जमतील तेवढे हात दाखवतात. तुम्ही एकच हात घ्या आणि मुलाखत घेणाऱ्यालाच तो शिकवा.

पहिल्या दिवशी

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी कुणी टेबलाला हात लावत नाही. आधी नखं बघते. बोटाच्या वर दिसलं तर नेलकटर पुढे करते. अंगठ्या, बांगड्या डब्यात. मग नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायचे. मग समोरासमोर दोघी बसतात, एकीने दुसरीचा पंजा दोन्ही हातांत धरायचा, काही करायचं नाही, पाच मिनिटं नुसता धरायचा. मुली आधी हसतात, नंतर गप्प होतात. कुणाचा हात गार आहे, कुणाच्या तळव्याला घाम आहे, कुणाच्या बोटांना घट्टे आहेत, हे सगळ्या सांगायला लागतात. मी ते फळ्यावर लिहून घेते.

मग वजनकाटा काढते. दोडामार्गची ती मुलगी आता मोरजीच्या एका स्पात थेरपिस्टच्या टीमची प्रमुख आहे. गेल्या जुलैत ती एका सकाळी माझ्या वर्गात आली आणि काटा तिनेच टेबलावर ठेवला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "दीदी, एवढं म्हणजे किती?" तिने त्या मुलीला पुढे बोलावलं आणि म्हणाली, "डोळे मीट. तीन किलो दाब."